छप्पन्न डिग्री

रात्री सव्वादोनला मी उठते. गजर लागत नाही.
मोबाईलची बॅटरी दातात धरून
गादीची शिवण वाचते कडेकडेनं,
ओळ चुकू न देता.
मसुराच्या डाळीएवढा एक. तो थांबतो, मीही थांबते.
मग नख. मग तो वास,
आणि बोटावर आलेलं रक्त आपल्याच घरातलं कुणाचं तरी.

आले ते सोफ्यातनं. लक्ष्मीपुरीत घासाघीस करून
साडेतीन हजारात आणलेला सोफा,
महिनाभर येईल त्याला मी किंमत सांगायची.
आता कुणी आलं की प्लास्टिकची खुर्ची पुढं करते,
"इथं बसा, वारा येतो."

फवारे झाले. निंबाचा पाला झाला.
किटलीतनं उकळतं पाणी पलंगाच्या सांध्यात ओतलं,
माझाच पाय भाजला.
वैशाखात टेरेसवर गाद्या टाकल्या
आणि बिल्डिंगीत सांगितलं, पोरानं अंथरूण ओलं केलं.
पोरगा अकरावीला आहे.
अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मग पुण्याच्या कंपनीचा मुलगा आला
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
घर मोजलं. चारशे वीस स्क्वेअर फूट.
मला जास्त वाटायचं.
पंचेचाळीसचा रेट, वर जीएसटी,
तुमच्या मीटरला लोड झेपायचा नाही,
जनरेटरचे चार हजार वेगळे.
सव्वीस हजार तीनशे दोन.
"छप्पन्न डिग्री, मॅडम. सहा तास. अंडीसुद्धा राहत नाहीत."

आमचे हे दारात उभे, शिरोलीहून फर्स्ट शिफ्ट करून आलेले,
शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं.
भट्टीवर असतात. पंधराशेला लोखंड ओततात.
"छप्पन्न?" एवढंच म्हणाले
आणि इतके हसले की खोकला लागला.

रात्री कॅलेंडरच्या मागं मी हिशोब मांडला.
पगार एकोणीस हजार, भट्टी पंधराशे,
यांना डिग्रीला तेरा रुपयेसुद्धा पडत नाहीत.
ढेकणांना डिग्रीमागं चारशे सत्तर.
दाखवला नाही. कॅलेंडर परत खिळ्याला लावलं,
तारखांची बाजू पुढं करून.

ढेकणासंगं हिरा भंगतो म्हणतात.
आमच्यात हिरा कुठला? भिशी भंगली.
माळेत दोन पुतळ्या वाढवायच्या होत्या.

बिल्डिंगीत सांगितलं, रंगकाम आहे.
पण रंगाऱ्याला जनरेटर कशाला लागतो,
आणि तो मेणबत्त्या, गोळ्या, कापराची डबी, सिलिंडर
बाहेर काढायला सांगतो का?
जिन्यात सगळं मांडून आम्ही तिघं बसलो.
आत घर एकटं तापत होतं.
दाराला तळहात लावून हे म्हणाले,
"एवढ्यात भाकरी पण भाजायची नाही."

दुपारी बागवान भाभी आल्या, हातात चहा.
जनरेटरच्या आवाजात काहीतरी बोलल्या.
मी म्हटलं, हो, रंगकाम.
त्या वाकल्या, माझ्या कानाशी:
"नंबर द्या की त्यांचा. आमच्यात दोन वर्षं झाली."
मग तिवल्यांची सून एक पायरी खाली येऊन रेंगाळली.
मग वरचे मास्तर, बनियनवर, उगाच ऊन बघत.
ढेकूण असं कुणीच म्हणालं नाही.
"तसलं" म्हणाले. "ते" म्हणाले.
मास्तरांनी मात्र मनातल्या मनात भागाकार उरकला होता:
"चार घरं एकदम केली असती
तर जनरेटरचे हजारच पडले असते."

आमचे भरून झाले होते.

संध्याकाळी दार उघडलं. घराला इस्त्रीचा वास.
आरशावरच्या माझ्या टिकल्या ओघळून
चौकटीत गोळा झालेल्या.
सोफ्याच्या फटीत ते, हलके, जवसासारखे.
केरसुणीनं ओढताना मोजायला लागले,
तीनशेला सोडून दिलं.

तीन महिन्यांची गॅरंटी आहे, लेखी, शिक्क्यासकट.
रात्री सव्वादोनला मी उठते.
शिवण कोरी. उशी कोरी.
हे कूस बदलतात, अंगातनं भट्टीची धग अजून येते,
मी बॅटरी विझवून त्या बाजूला सरकते.
ही फुकटची.
पाठ मात्र खाजतेच.